पक्ष्यांचा नेमलेला समय

शास्त्रपाठ : यिर्मया ८ : ४-७

भाद्रपद सरून आश्विन लागण्याच्या ह्या दिवसांत जो कोणी ओढ्याकाठी थोडा वेळ स्वस्थ उभा राहील, त्यास शेपूट वरखाली हालवीत दगडांवरून तुरुतुरु धावणारा एक सडपातळ पक्षी दिसेल. तो करडा धोबी. भर पावसाळ्यात तो तेथे नव्हता. हिमालयातील व त्याही पलीकडील डोंगरी ओढ्यांवर पिले वाढवून तो आता खाली उतरला आहे. पावसाबरोबर आफ्रिकेकडून आलेला चातक ह्याच सुमारास परत जाण्याच्या तयारीस लागतो. आणि ज्वारी निसवली म्हणजे भोरड्यांचे थवे कसे उतरतात, हे माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या आमच्या शेतकरी बांधवांस सांगावयास नको. त्या मध्य आशियाकडून येतात. कणसांबरोबर त्या नाकतोडेही फस्त करितात, ही गोष्ट मात्र आपण त्यांच्या खाती क्वचितच जमा धरतो.

यिर्मया संदेष्टा पाखरांच्या मोठ्या वाटेवरच राहत असे. त्याचे गाव अनाथोथ हे यरुशलेमेजवळ, यार्देनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगरावर होते. करकोच्यासारखे मोठे पक्षी तापलेल्या भूमीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत प्रवास करितात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून युरोपातून आफ्रिकेकडे जाणारे थवे त्या चिंचोळ्या देशावरून जातात. आजही दर वर्षी सुमारे ५,००,००० करकोचे त्या आकाशातून जातात. इब्री भाषेत करकोच्यास हसीदा म्हणतात. हे नाव दया व निष्ठा ह्या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. तेव्हा संदेष्ट्याने करकोच्यास साक्षीदार म्हणून उभे केले, ते उगाच नव्हे. पाखरांना आपली वेळ कळते व ती परततात, परंतु देवाचे लोक परतत नाहीत, आपण काय करून बसलो असे कोणी स्वतःस विचारीतही नाही, ही त्याची तक्रार आहे. परतणे व पश्चात्ताप करणे ह्या दोहोंस इब्रीत एकच क्रियापद आहे.

येथे कोणी म्हणेल की, पाखरास परतणे सोपे आहे, कारण त्याचा स्वभावच त्यास ओढून नेतो. मनुष्यास आपल्या लाभाविरुद्ध परतावे लागते. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच आपल्याच काळातील ख्रिस्ती खेड्यांची एक हकिकत सांगितली पाहिजे.

नागालँडात बहुसंख्य लोक बाप्तिस्त मंडळ्यांचे आहेत. तेथील वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले, तेव्हा पांगती व आसपासच्या गावांची शेते पाण्याखाली गेली व लोक मासेमारीकडे वळले. त्या जलाशयाच्या काठी ऑक्टोबर महिन्यात अमूर ससाणे लाखोंनी विसाव्यास उतरतात. हा पक्षी कबुतराहून लहान असून त्याचे वजन १५० ग्रॅमांच्या आसपास भरते. सायबेरिया व उत्तर चीन ह्या प्रदेशांतून निघून तो दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. मासे धरण्याचीच जाळी झाडांमध्ये उभी ताणून लोक हे ससाणे धरू लागले. २०१२ च्या एका हंगामात १,२०,००० किंवा त्याहून अधिक पक्षी मारले गेले, असा अंदाज पाहणी करणाऱ्यांनी केला. ही गोष्ट जगापुढे आणणाऱ्यांत शशांक दळवी हे पक्षिनिरीक्षकही होते.

त्या लोकांस दोष देण्याची घाई आपण करू नये. ज्याची भाकर शाबूत आहे, त्याने शेत गमावलेल्यास पाखरांविषयी उपदेश करणे फार स्वस्त असते. तथापि पुढच्याच वर्षी काय झाले ते पाहा. गावच्या सभेने बंदी ठरविली, मंडळ्यांतूनही बोध झाला, आणि २०१३ च्या हंगामात तेथे एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही. आलेला पैसा सोडून देऊन गाव परतला, आणि त्यास एकच वर्ष लागले!

आमच्या आठवडी बाजारांतही आडोशाला लावे व तित्तर विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार वर्ज्य आहे. त्याच्या कितीतरी आधी, घरट्यातील पिलांबरोबर त्यांच्या आईस धरू नये, असा निर्बंध अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घातला गेला होता. फासे लावणारा बहुधा गरीबच असतो. पण विकत घेणारा तसा नसतो, आणि तो कधीकधी रविवारी आपल्याच बाकावर बसलेला असतो.

२०१३ च्या नोव्हेंबरात शास्त्रज्ञांनी दोयांगच्या काठी तीन ससाण्यांच्या पाठीवर लहानसे यंत्र बांधले व त्यांस नागा, वोखा व पांगती अशी नावे दिली. नागा हिंदुस्थान ओलांडून, अरबी समुद्रावरून पाचसहा दिवसांत सोमालियास पोहोचला. नागा व पांगती ही दोन पाखरे २०१४ साली दोयांगकडे परत आली. जाळी तेथे नव्हती. त्यांच्या जातीचे काही पक्षी शरद सरता सरता लोणावळ्याच्या पठारांवरही किडे टिपीत थांबतात. तिकडील मंडळींनी सायंकाळी वर पाहावे.