लज्जा, कर्मविपाक आणि रुग्णाचा धर्म

जननेंद्रियावर अचानक उमटलेली गाठ किंवा पुळी हा वस्तुतः वैद्यकाचा विषय असला, तरी ती वैद्याला दाखवावी की झाकून ठेवावी याचा निर्णय बहुधा नीतीच्या कसोटीवर केला जातो. कारण त्या अवयवाचा विकार म्हणजे दुराचरणाची खूण, हे गृहीतक रुग्णाच्या मनात आधीच ठाण मांडून बसलेले असते. या गृहीतकाला दोन धार्मिक कल्पनांचा आधार दिला जातो. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या, म्हणजे मोक्षाला उपकारक ठरणाऱ्या गुणांच्या, मालिकेत 'ह्री' अर्थात लज्जा गणली आहे, ही पहिली; आणि पूर्वीचे पाप रोगरूपाने फळते असे सांगणारा कर्मविपाकाचा सिद्धांत, ही दुसरी.

तथापि या दोहोंतून रोग लपवण्याचे समर्थन निघत नाही. लज्जा सद्गुण ठरते ती अनुचित कृत्यापासून परावृत्त करते म्हणून. उपचारापासून परावृत्त करणारी लज्जा हे प्रयोजनच गमावते. चरकसंहितेच्या सूत्रस्थान या विभागात चिकित्सेचे चार पाद, म्हणजे वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे आधारस्तंभ, सांगताना रुग्णाच्या गुणांत निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपला विकार नीट सांगता येणे, यांचा समावेश केला आहे; तर विमानस्थानात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर फोडू नयेत, असे वैद्याला बजावले आहे. त्याच स्थानात आयुष्याचे बलाबल दैव, म्हणजे पूर्वकर्म, आणि पुरुषकार, म्हणजे मनुष्याचा स्वतःचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून मानले असल्याने, कर्मविपाक स्वीकारणाऱ्यालाही उपचार टाळण्याची मुभा उरत नाही.

शिवाय गाठीवरून चारित्र्याचा निवाडा करणे वैद्यकदृष्ट्याही टिकत नाही. शिश्नमुंडाच्या कडेने ओळीत येणारे मोत्यासारखे बारीक उंचवटे, त्वचेतील तैलग्रंथींचे पिवळसर ठिपके, केस काढल्यावर उठणारी केसपुळी किंवा योनिमुखाजवळच्या बार्थोलिन ग्रंथीत द्रव साचून झालेली गाठ, यांचा दुराचाराशी संबंध नसतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येणारे चामखीळ संसर्गानंतर कित्येक महिन्यांनीही उगवू शकतात, त्यामुळे त्यांवरून जोडीदारावर आळ घेणे अन्यायाचे ठरते. उलट उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि साधारण 3 ते 6 आठवड्यांत उपचारांविनाही भरून येतो, मात्र रोग शरीरात कायम राहतो. म्हणून वेदना नसणे किंवा खूण नाहीशी होणे हा निरोगीपणाचा पुरावा मानता येत नाही.

निदान तपासणीनेच होते, आणि त्यासाठी त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडे अथवा सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जाता येते. संसर्ग निघाल्यास जोडीदाराला तो सांगणे हाही रुग्णाच्या कर्तव्याचा भाग होय, कारण लपवलेल्या रोगाची झळ लपवणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही.