अनामिक अंजीर

ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याला आपल्या सोयीचे नाव देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? हा प्रश्न आमच्यापुढे आमच्या वसईच्या घराच्या परसातून आला.

विहिरीच्या कडेला आमचे एक अंजिराचे झाड आहे. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या एका मावशींनी आपल्या वाडीतील झाडाची वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आम्हांला दिली होती. आम्ही ती कुंडीत खोचली, तिला पाने फुटली आणि पुढल्या वर्षी ती जमिनीत लावली. पुढे मावशी निवर्तल्या, वाडी विकली गेली आणि मूळ झाडाच्या जागी इमारत उभी राहिली. झाडाची जात विचारायची राहूनच गेली.

गेल्या वर्षी रोपांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. झाडाची फळे चाखून ते प्रसन्न झाले. दर हंगामाला पन्नास कलमे घेण्याची त्यांची तयारी होती. अट एकच, प्रत्येक कलमावर ‘पुरंदरचे अंजीर’ अशी चिठ्ठी हवी. “झाड अंजिराचेच आहे, फळही गोड आहे. नावाने कोणाचे काय बिघडते?” असे ते म्हणाले. रक्कम नाकारण्यासारखी नव्हती. त्या रात्री आम्हांला शांत झोप लागली नाही.

प्रथम आम्ही झाडाचे नाव शोधून पाहिले. अंजिराची जात ओळखण्यासाठी जाणकार पानांचे खंड पाहतात, फळाचा आकार, देठाकडची मान, तळाचा डोळा, सालीचा आणि गराचा रंग पाहतात. परंतु अंजीर सहजासहजी ओळख देत नाही. एकाच झाडावर तीन खंडांचे पान असते, पाच खंडांचे असते, आणि मुळीच न चिरलेलेही असते. कोवळ्या झाडाची पहिली फळे जातीचे खरे रूप दाखवीत नाहीत. त्यासाठी तीन-चार वर्षे धीर धरावा लागतो. शिवाय पुरंदरच्या कोरड्या हवेत जे फळ भरदार होते, तेच वसईच्या दमट हवेत लहान राहते, पावसात उकलते, आणि पाने तांबेऱ्याने गळतात. आमची फळे घंटेच्या आकाराची, फिकट जांभळ्या सालीची आणि आतून लालसर आहेत. यावरून ती ‘पूना’ जातीची असावीत असे वाटते. परंतु ‘असावीत’ आणि ‘आहेत’ यांमध्ये जे अंतर आहे, तेच अंतर अनुमान आणि साक्ष यांमध्येही आहे.

अमेरिकेतील आयरा कॉन्डिट या अभ्यासकांनी १९५५ साली अंजिराच्या सहाशेहून अधिक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. अलीकडे जनुकीय खुणा ताडून जात ओळखण्याची पद्धत आली आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संग्रहात ती वापरली गेली, तेव्हा निरनिराळ्या नावांनी नांदणारी काही झाडे एकच निघाली. मात्र ही तपासणीदेखील शेवटी तुलनाच असते. ज्याच्याशी ताडून पाहायचे, ते ओळखीचे झाडच संग्रहात नसेल, तर तिच्यापाशीही उत्तर नाही.

मग, नाव कळतच नसेल तर ते आपण ठरवावे, असे कोणी म्हणेल. बियांपासून उगवलेल्या झाडाच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. कारण अंजिराच्या प्रत्येक बीमधून एक नवाच जीव जन्माला येतो आणि त्याला नाव देणारा कोणी तरी हवा. फाटेकलमाचे तसे नाही. ते मूळ झाडाचे अपत्य नसते, तर त्या झाडाचेच पुढे चालू राहिलेले आयुष्य असते. यरीहोजवळच्या गिलगाल येथील उत्खननात सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळालेली अंजिरे सापडली. ती फांद्या लावून वाढवलेल्या झाडांची असावीत, असे मत संशोधकांनी २००६ साली मांडले. त्यावर मतभेद झाले. तरी हातातून हातात फांदी देण्याची रीत फार जुनी आहे, याविषयी शंका नाही. आमच्या झाडामागेही अशी हातांची एक साखळी आहे. तिच्यावर खोटी चिठ्ठी डकवणे म्हणजे त्या सर्व हातांना पुसून टाकणे होय.

आणि ज्यांचे नाव आपण उसने घेतो, त्यांचे काय? पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावात तिथली माती आहे, हवा आहे आणि खट्टा व मीठा बहार सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांचा घाम आहे. आमचे झाड उद्या त्याच जातीचे ठरले, तरी वसईच्या मातीतील फळ पुरंदरचे होत नाही. चिठ्ठीवरची तीन अक्षरेसुद्धा शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकतात, आणि अशी साक्ष आठव्या आज्ञेने निषिद्ध ठरवली आहे.

खोट्या नावाचा आणखी एक दोष आहे: ते शोध थांबवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी तुर्कस्थानातून स्मर्ना अंजिराच्या फांद्या आणवल्या. झाडे वाढली, परंतु फळे न पिकताच गळू लागली. विकणाऱ्यांनी फसवले, असा संशय काहींनी घेतला. वास्तविक झाडे अस्सल होती. त्या जातीच्या फळाला रानअंजिरातून परागकण आणणारा एक इवलासा कीटक लागतो, आणि तोच तेथे नव्हता. १८९९ साली फ्रेस्नोजवळ तो कीटक स्थिरावला आणि झाडे फळांना आली. ‘नकली’ हा शिक्का मारून ज्यांनी कुऱ्हाड उचलली असेल, त्यांना हे कधीच कळले नसते. लूकच्या शुभवर्तमानातील माळी वांझ अंजिरासाठी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, मुळाशी खणून खत घालण्याचे वचन देतो. त्याची ती विनवणी दयेची तर आहेच. आपले ज्ञान अपुरे असू शकते, ही कबुलीही आम्हांला तीत दिसते.

तर मग नाव हरवलेले झाड कायमचे पोरके राहावे काय? तसेही नाही. कॅलिफोर्नियातच ‘मिशन’ नावाचे काळे अंजीर आहे. १७६९ साली सॅन दिएगो येथे पहिले मिशन-केंद्र स्थापन झाले. तेथून पुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी आपल्या केंद्रांच्या बागांतून हे झाड वाढवले, म्हणून ते ‘मिशन’. स्पेनमधील त्याची जुनी ओळख या नावात नाही. ज्यांनी ते जतन केले त्यांची ओळख मात्र आहे. या नावात खोटेपणा नाही, कारण ते ठाऊक असलेले तेवढेच सांगते. आम्हा वसईकर ख्रिस्ती माणसांना हे समजायला कठीण जाऊ नये. आमची आडनावे पोर्तुगीज, मायबोली मराठी. बाप्तिस्म्यापूर्वी आमच्या पूर्वजांना कोणत्या नावांनी हाक मारली जात होती, हे आमच्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही. म्हणून आपण मूळ नसलेले ठरत नाही. परंतु ती पोकळी भरण्यासाठी एखादी भारदस्त वंशावळ रचली, तर मात्र आपण आपल्याच पूर्वजांशी प्रतारणा करू.

आम्ही त्या गृहस्थांना नकार दिला. ते हसून निघून गेले. आम्ही झाडाला पत्र्याची एक पट्टी बांधली: ‘जात अज्ञात. मावशींच्या वाडीतील फांदी.’

या पावसाळ्यापूर्वी मावशींची लेक धर्मग्रामाच्या सणाला आली, ती आमच्याकडेही डोकावली. पट्टी वाचून ती बराच वेळ झाडापाशी उभी राहिली. मग म्हणाली, “आईला ही फांदी मठातल्या एका सिस्टरांनी दिली होती. माझ्या जन्माच्या वेळी आई आजारी होती ना, तेव्हा.” त्या सिस्टरांचे नाव तिला आठवेना. त्यांनी ती कोठून आणली, हेही ठाऊक नव्हते. तरी साखळीची एक कडी पुन्हा हाती लागली. तेथे ‘पुरंदरचे अंजीर’ असे लिहिलेले असते, तर ती वाचून पुढे गेली असती.

फिलिपाने हाक मारण्यापूर्वीच प्रभूने नथनेलला अंजिराच्या झाडाखाली पाहिले होते. आपल्याला जे ठाऊक नाही, ते कोणालाच ठाऊक नाही असे नव्हे. त्या विश्वासावर ‘आम्हांला माहीत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य माणसाला येते.

मावशींच्या लेकीला आम्ही एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. पट्टीवर आता ‘मठातील एका सिस्टरांकडून’ एवढे शब्द वाढवले आहेत. त्यांच्या वर थोडी जागा मोकळी ठेवली आहे.