अस्सल, नक्कल आणि ऋण

जुन्या वाद्याची हुबेहूब प्रतिकृती निघाली, तर तिला मूळ वाद्याचा मान द्यावा काय? अ‍ॅनालॉग सिंथेसायझरांच्या निमित्ताने हा वाद संगीतप्रेमींत बराच रंगला आहे. रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा १९७० सालचा 'मिनीमूग' आणि जपानच्या रोलँड कंपनीचा १९८१ सालचा 'टीबी-३०३' आज संग्राहक मोठी किंमत मोजून घेतात. त्यांच्याच विद्युत्-परिपथांवर बेतलेल्या प्रतिकृती बेरिंगर कंपनीने २०१८-१९ पासून अल्प किमतीत बाजारात आणल्या.

'जुन्याचा गोडवा नव्यात नाही', असे अनेक जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. त्या यंत्रांतील ट्रान्झिस्टर व कपॅसिटर काटेकोर एकसारखे नसत. यंत्र तापले की स्वर किंचित ढळे. त्या ढळण्यातच कानाला जिवंतपणा भासतो. परंतु याच कारणाने दोन अस्सल मिनीमूगही परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय पन्नास वर्षांत सुटे भाग जीर्ण होतात, बदलावे लागतात. रथ म्हणजे चाक की आस, असे नागसेनांनी मिलिंद राजाला विचारले होते. तीच अडचण येथे आहे. नकलेने जुळायचे, ते कोणत्या अस्सलाशी?

त्याहून मौज अशी की, 'टीबी-३०३' ही मुळात नक्कलच होती. बेस गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी ते यंत्र निघाले. गिटारसारखे ते वाजले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मात्र १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने त्यावर दहा राग बांधून ध्वनिमुद्रिका काढली. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांच्या ध्वनिमुद्रिकेतून त्याच यंत्राच्या आवाजावर 'अ‍ॅसिड हाऊस' ही शैली पुढे आली. फसलेल्या नकलेला अस्सलपण दिले ते वाजवणाऱ्यांनी.

तात्पर्य, नादाची बरोबरी साधणे अशक्य नाही. बरोबरी होत नाही ती प्रथम शोध घेणाऱ्याच्या धाडसाची. मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरला १९६९ साली मिळालेल्या पेटंटची मुदत केव्हाच सरली. नक्कल करण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. तथापि कायद्याचे बंधन सुटले म्हणून ऋण फिटत नाही. सरकारी कचेरीत सत्यप्रत ग्राह्य धरतात, कारण आपण प्रत आहोत हे ती स्वतःच सांगते आणि मूळ दस्तऐवजाकडे बोट दाखवते. वाद्याच्या प्रतिकृतीकडूनही तेवढ्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा आहे.

ती पूर्ण झाल्यावर मात्र तिला हिणवण्याचे कारण नाही. संग्राहकाच्या कपाटात मुके पडलेल्या अस्सल वाद्यापेक्षा, बेताच्या ऐपतीच्या विद्यार्थ्याच्या हाती वाजणारी नक्कल मूळ कर्त्याच्या हेतूशी अधिक इमान राखते. वाद्य घडवले जाते ते वाजण्यासाठीच.