गोठ्यातली लोकल



आज आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती आपण पेटवली. आता घरोघरी माळ्यावरची खोकी खाली उतरतील. कुणाच्या मरियेचे नाक उडालेले असेल, कुणाचा एखादा मेंढपाळ उंदराने पळवलेला असेल. ओट्यांवर बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद दिसू लागले आहेत. या आठवड्यात धर्मग्राम कार्यालयात मात्र एकच चौकशी पुन्हा पुन्हा होत आहे : "फादर, यंदा गोठा स्पर्धेचे फॉर्म कधी मिळणार?"

उत्तर देण्यापूर्वी आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वी स्पर्धेचे परीक्षण आम्हीच केले होते. आमच्याबरोबर एक धर्मभगिनी आणि युवक संघाचे दोघे जण होते. दोन संध्याकाळी मिळून चाळीसएक घरे पाहिली. हातात छापील कागद होता : शुभवर्तमानाशी सुसंगती, कलाकुसर, प्रकाशयोजना, पर्यावरण. प्रत्येकाला दहा गुण. तुम्ही प्रेमाने पुढे केलेले वाइन आणि केक नाकारत नाकारत (सगळ्या घरी नाकारले असे नाही) आम्ही भराभर पुढे सरकत होतो.

एका घरी बुटांच्या खोक्याचा गोठा होता. बाळ येशू कणकेचा होता, त्याचे डोके मोठे आणि हात एकच. मरिया आणि योसेफ म्हणजे कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे, त्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या. पेंढा म्हणून झाडूच्या काड्या. आणि गव्हाणीला अगदी खेटून काड्यापेटीच्या चार पेट्या एकामागे एक चिकटवलेल्या होत्या. त्यांवर पेनाने खिडक्या काढल्या होत्या. "ही काय गाडी?" आम्ही विचारले. अडीच वर्षांची मुलगी आजीच्या मागे लपली. आजी म्हणाली, "तिच्या पप्पांची लोकल आहे, फादर." आम्ही सगळे हसलो. बाहेर पडल्यावर कागदावर लिहिले : सुसंगती, दहापैकी तीन. शेरा : गोठ्यात आगगाडी विसंगत.

गुणांची यादी नेहमीप्रमाणे चर्चच्या सूचनाफलकावर लागली. शेऱ्यांसकट.

पुढच्या वर्षी नाताळ झाल्यावर आजीला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही त्याच घरी गेलो. तिचे गुडघे आता तिला चर्चपर्यंत येऊ देत नाहीत. टीव्हीशेजारी नवा, विकत आणलेला गोठा होता. त्यात झुळझुळ वाहणारे पाणी होते, रंग बदलणारे दिवे होते, सगळ्यांची नाके जागेवर होती. मुलगी साडेतीन वर्षांची झाली होती. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून गोठ्यासमोर उभी होती. हात लावायचा नाही, हे तिला नीट समजावलेले दिसत होते. आम्ही सहज विचारले, "तुझी लोकल कुठे गेली?"

ती म्हणाली, "ती इथे चालत नाही."

नंतर आजीने सांगितले ते असे. मुलीचे पप्पा सकाळी पावणेसातची चर्चगेट लोकल पकडतात आणि रात्री साडेनऊला घरी पोहोचतात. तोवर पोर झोपलेली असते. आईची नोकरी पाळीची. म्हणजे बाप आणि लेक यांची खरी भेट रविवारी. ज्या वर्षी तो बुटांच्या खोक्याचा गोठा झाला, त्या वर्षी आगमनकाळाचे चारही रविवार मिस्सानंतर दोघे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसत. एका रविवारी नुसती खळ फासली. एका रविवारी नुसते कागद फाडले. तिसऱ्या रविवारी लोकल. नंतर फलकावरचा शेरा पप्पांनी वाचला. त्यांना वाटले, आपल्यामुळे घराची शोभा झाली. पुढच्या वर्षी त्यांनी एका दुपारी बाजारात जाऊन तयार गोठा आणला. त्यामुळे रविवारी करायला काही उरले नाही. "आता तो झोपून घेतो, फादर. दमतो ना," आजी म्हणाली. तिने तक्रार केली नाही, जे आहे ते सांगितले.

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्ही संत मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला. लोक आपली मुले येशूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते, ही घटना आपण स्नानसंस्काराच्या वेळी कितीदा ऐकतो. येशू त्या वेळी शिष्यांवर संतापला, असे मार्क स्पष्ट लिहितो. आजवर हा उतारा वाचताना आम्ही नकळत स्वतःला येशूच्या बाजूला उभे करत आलो होतो. त्या रात्री प्रथमच आम्ही शिष्यांच्या बाजूला होतो, हातात गुणांचा कागद घेऊन.

हाच प्रसंग संत लूकही सांगतो, पण तो एक शब्द बदलतो. त्याच्या अठराव्या अध्यायात लोक येशूकडे नुसती 'मुले' आणत नाहीत, तर कडेवरची तान्ही बाळे आणतात. त्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द आहे 'ब्रेफोस'. आणि हाच शब्द लूकने दुसऱ्या अध्यायात वापरला आहे, देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो तेव्हा : कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले बाळ. गव्हाणीतला तो आणि आईच्या कडेवरून त्याला भेटायला आलेले ते, दोघांसाठी शब्द एकच. ग्रीक शिकताना हे आम्ही पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

राहिला प्रश्न सुसंगतीचा. आम्ही लोकलला तीन गुण दिले. पण ज्या गोठ्यांना आम्ही नऊ-नऊ गुण दिले, त्या सगळ्यांत बैल आणि गाढव होते. मत्तय आणि लूक यांच्या जन्मकथा आज घरी वाचून पाहा. बैल नाही, गाढवही नाही. ते आले यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते, पण माझी प्रजा मला ओळखत नाही, अशी देवाची खंत तिथे आहे. पुढे ख्रिस्ती लोकांनी प्रेमापोटी ती दोन जनावरे गोठ्यात आणून बांधली. तेव्हा गोठ्यात बाहेरून काही आणण्याची रीत त्या मुलीने सुरू केलेली नाही.

संत फ्रान्सिस असिसीकर यांचा गोठा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. १२२३ सालचा नाताळ, इटलीतील ग्रेच्चो हे डोंगरातले गाव. सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिसने योहान नावाच्या ओळखीच्या गृहस्थाला निरोप दिला : गवत आण, गव्हाणी मांड, बैल आणि गाढव आणून उभे कर. बेथलेहेमातले बाळ कसे गवतावर निजले, किती गरजांत निजले, हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. तिथे पुतळे नव्हते. गावकरी मशाली घेऊन आले, गव्हाणीवरच मिस्साबलिदान अर्पण झाले आणि डीकन असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन प्रवचन दिले. फ्रान्सिसचे पहिले चरित्रकार, सेलानोचे थॉमस, सांगतात की 'बेथलेहेम' हा शब्द तो मेंढरू बें-बें करते तसा उच्चारत होता. डोळ्यांपुढे आणा. चाळिशी ओलांडलेला, आजाराने खंगलेला माणूस भर मिस्सामध्ये मेंढरासारखा आवाज काढतो आहे. आमच्या त्या छापील कागदावर त्याला किती गुण पडले असते कोण जाणे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी याच ग्रेच्चोमध्ये गोठ्याविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली. मुलांना गोठ्यात शुभवर्तमानाशी वरवर संबंध नसलेल्या गोष्टी ठेवायला आवडतात, हे त्यांनी त्यात आवर्जून लिहिले आहे आणि त्यांना ते खटकलेले नाही. हे पत्र आम्ही वाचले होते. परीक्षणाला जाताना घरी ठेवून गेलो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचा एक भेद आम्हाला कोरडा वाटे. 'घडवणे' वेगळे आणि 'करणे' वेगळे, असे तो म्हणतो. सुतार खुर्ची घडवतो तेव्हा कामाचे फळ कामाच्या बाहेर उरते : खुर्ची. पण माणूस चांगले वागतो तेव्हा ते वागणे हेच फळ. बाहेर वेगळे काही उरावे लागत नाही. लहान मुलांचे पाहिले की हा भेद लख्ख कळतो. तुम्ही दोन वर्षांच्या मुलासोबत चांदणी करायला बसता. तुमच्या मनात चांदणी असते. त्याच्या मनात फाडणे असते. कागद फाटताना होणारा आवाज, बोटांना चिकटणारी खळ आणि शेजारी बसलेले तुम्ही. दहा मिनिटांत तो उठून जातो आणि चांदणी अर्धीच राहते. मग रात्री, तो झोपल्यावर, आपण ती सरळ करून पूर्ण करतो, कडा कापतो, त्याचे बोट उमटलेला भाग मागे वळवतो. कितीतरी मातांनी हे आम्हाला हसत हसत सांगितले आहे. सकाळी मूल ती चांदणी ओळखत नाही.

नाझरेथच्या कार्यशाळेविषयी शुभवर्तमान फारसे बोलत नाही. येशू आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि वाढला, एवढेच लूक सांगतो. पण सुताराचा मुलगा एका दिवसात सुतार होत नाही. योसेफाच्या पायाशी रंध्याच्या सालपटांत खेळणारे पोर कधीतरी त्या घरात असणारच, आणि त्याच्या हातून बिघडलेली लाकडेही. ती योसेफाने रात्री गुपचूप सरळ केली असतील, असे आम्हाला वाटत नाही.

आता निर्णयाविषयी. धर्मग्राम परिषदेत चर्चा झाली, थोडी तापलीही. युवकांचे म्हणणे रास्त होते : गल्लीतला मोठा गोठा उभारायला ते रात्री जागवतात, त्यांची मेहनत पाहिली जावी. ते गोठे पाहायला आम्ही जरूर येऊ. घरगुती गोठ्यांची स्पर्धा मात्र यंदा होणार नाही. फॉर्म नाहीत, गुण नाहीत, फलकावर यादी नाही. त्याऐवजी पुढच्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आठच्या मिस्सामध्ये मुलांनी घरी केलेला बाळ येशू आणावा. त्यांवर आशीर्वाद दिला जाईल. रोममध्ये संत पेत्राच्या चौकात याच रविवारी मुले आपापले बाळ येशू घेऊन जमतात आणि पोप त्यांना आशीर्वाद देतात. ती रीत आपण इथे आणत आहोत. माती, कणीक, कापूस, कापड, काहीही चालेल. एकच हात असला तरी चालेल.

ज्यांच्या घरी अगदी लहान मुले आहेत, त्यांच्यासाठी अनुभवी मातांकडून मिळालेल्या थोड्या गोष्टी. थर्माकोल नकोच. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहेच, शिवाय त्याचे दाणे नाकातोंडात जातात. दिव्यांतले बटणासारखे सेल मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नका. गिळला गेला तर जिवावर बेतते. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी घालून मळले की मूर्ती होतात आणि वाळून टिकतात. पण मूल सगळे तोंडात घालत असेल तर मीठ टाळून साधी कणीकच द्या, कारण इतके मीठ पोटात जाणे धोक्याचे. बाळ येशूला भेग पडली तर दुसरा करा. आणि नाचणी आजच भिजत घाला. उद्या करवंटीत माती घालून पेरलीत तर नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवे शेत उभे राहील. पाणी घालायचे काम सर्वात लहान मुलाला द्या. ते जास्त घालेल, म्हणून करवंटीला खाली भोक पाडायला विसरू नका.

त्या मुलीच्या पप्पांना आम्ही गेल्या रविवारी मिस्सानंतर गाठले आणि क्षमा मागितली. ते बिचारे आमच्याहून जास्त अवघडले. "फादर, तीन गुणांचं काही नाही हो," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "तेव्हाच ती विचारत होती, पप्पांच्या गाडीला चारच डबे का? आता मोठी झालीये, मोजता येतं तिला. बारा डबे करावे लागतील."

साक्रिस्टीतल्या रिकाम्या काड्यापेट्या आम्ही फेकायच्या थांबवल्या आहेत. आजपर्यंत पाच जमल्या. कुणाच्या घरी असतील तर कार्यालयात आणून द्याव्यात.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू