मनी आणि घसारा

थोर माणसांना नैतिक प्रश्न रणांगणावर वगैरे पडतात. अर्जुनाला तर तो ऐकून घेणारा सारथीही मिळाला होता. मध्यमवर्गीय माणसाला असली सोय नसल्यामुळे नैतिक प्रश्न त्याला दिवाणखान्यातच गाठतो, आणि शक्यतो महिनाअखेरीला. आमच्याकडे सध्या मुक्कामाला असलेला प्रश्न असा : मांजराने सोफा ओरबाडावा काय? ‘ओरबाडू नये’ हे उत्तर सोपं आहे. पण ते मांजराला सांगायचं कसं आणि मुळात कुठल्या अधिकारात, इथून पुढे तत्त्वज्ञान सुरू होतं.

आमच्या मांजरीचं नाव मनी. बँकेतल्या कारकुनाच्या मांजरीचं नाव मनी असावं, यात लोकांना विनोद दिसतो. दिवसभर दुसऱ्यांचा मनी मोजून घरी येणाऱ्या माणसाला आपली म्हणायला एवढी एकच मनी असते, आणि तीही खात्यात टिकत नाही, खिडकीतून जाते. पण ते असो.

आधी सोफ्याची बाजू ऐकून घेऊ, कारण त्याला बिचाऱ्याला ओरडताही येत नाही. हा सोफा सौ.ने भिशीचे हप्ते सहा वर्षं भरून घेतलेला आहे. त्या सहा वर्षांत तिने न घेतलेल्या साड्या त्याच्या प्रत्येक टाक्यात आहेत. त्यामुळे ‘कापडाच्या तुकड्यासाठी मुक्या जिवावर एवढं रागवायचं?’ असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो, सौ. बसत नाही. ज्यांना दुसरा सोफा परवडतो, त्यांना भूतदया स्वस्त पडते. प्राप्तिकराच्या नियमांत फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा धरतात. मनीचा दर लावला तर आमचा सोफा दुसऱ्या दिवाळीला कागदावर उरेल, आणि तोही फाटलेल्या.

सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. कोणी म्हणालं, अंगावर पाणी मारा. कोणी म्हणालं, पोत्यात घालून मंडईत सोडून या. परदेशात राहून आलेल्या एका परिचितांनी तर, दाढी करून घ्या म्हणावं इतक्या सहजपणे सांगितलं, “नखंच काढून टाका ना!”

ऐकायला हे नखं कापल्यासारखं वाटतं. तसं ते नाही. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, म्हणून नख काढायचं तर ते हाडच छाटावं लागतं. माणसाच्या हिशेबाने प्रत्येक बोट शेवटच्या पेरापाशी तोडायचं. पाळीव प्राण्यांबद्दलच्या १९८७ च्या युरोपीय करारात उपचाराखेरीज असं करायला मनाई आहे, आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली. सोफा वाचवण्यासाठी दहा बोटं! आमच्या बँकेत एवढ्या तारणावर कोणी कर्ज मागितलेलं नाही.

बरं, मनी हे करते तरी कशाला? नखावरची जुनी साल निघून खालचं धारदार नख मोकळं व्हावं म्हणून. झोपून उठल्यावर पाठीपासून पंजापर्यंत अंग ताणावं म्हणून. शिवाय पंज्यांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे ओरखड्याबरोबर तिचा वासही तिथे राहतो. म्हणजे सही आणि शिक्का, दोन्ही एका झटक्यात. आमच्या शाखेत यासाठी दोन टेबलं फिरावी लागतात.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं आपण म्हणतो, पण मनीच्या बाबतीत ‘खोड’ हा शब्दच मला खटकतो. सोयीचं नसलं की दुसऱ्याच्या गरजेला आपण खोड म्हणतो, आणि आपल्या खोडीला गरज. मला चारच्या चहाशिवाय सुचत नाही ही माझी गरज, आणि मनीने नखं घासली की ती खोड!

शिक्षेनेही फारसं साधत नाही. ओरडलं की मांजर एवढंच शिकतं, की हा माणूस घरात असताना ओरबाडायचं नसतं. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात प्रत्येक शाखा आदर्श असते, त्यातलाच हा प्रकार. समोर कोणी असेपर्यंतच टिकते ती फक्त सावधगिरी. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथॅमने १७८९ सालच्या ग्रंथात प्राण्यांबद्दल विचारलं होतं, की त्यांना बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे बाजूला ठेवा. त्यांना दुःख होतं का, ते पाहा. बेंथॅमच्या घरी सोफा होता की नाही याची कल्पना नाही, पण प्रश्न बिनतोड आहे.

शेवटी मी कागद घेऊन जमाखर्चच मांडला. मनीला चार भिंतींत आणलं कोणी? आम्ही. बाहेर तिला झाडाचं खोड होतं. ते गेलं, आणि त्या जागी तिला सोफा दिसला. तेव्हा झाड देणं लागतो आपण. ज्याने घर मांडलं, त्याने सोय लावायची. ज्याला घर मांडताच येत नाही, त्याच्याकडून ती वसूल करायची नाही.

म्हणून सुताराकडून तीन फुटी खांब आणला आणि त्याला काथ्या गुंडाळला. मनी मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभी राहील एवढा उंच, आणि हलणार नाही असा पक्का, कारण डगमगता खांब मांजर नापसंत करतं. तो बाल्कनीत न ठेवता सोफ्याच्या शेजारीच ठेवायचा, ही खरी मेख. सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली, कारण चिकट पृष्ठभाग मांजराला आवडत नाही. खांबाला नखं लावली की लगेच सुकटीचा तुकडा. आणि दर दोनतीन आठवड्यांनी नखांचं टोक तेवढं कापायचं, आतला गुलाबी भाग सांभाळून. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. मनी दुष्ट नाही, आणि तिची नखं तर वाकडीच राहायला हवीत. आम्ही फक्त त्यांची दिशा बदलायला निघालो.

हे मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, कौतुकाने सांगितलं. अण्णा कोकणातून आमच्या फ्लॅटवर आलेले. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करण्यात जन्म गेला, तेव्हा इथे ते लिफ्टपाशी उभे राहून तेच करतात, आणि सोसायटीच्या तक्रारी माझ्याकडे येतात. अण्णा खांबाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बरं केलंस हो. झाड नाही तर निदान खांब तरी.”

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना भेटून लिफ्टपाशी एक खुर्ची ठेवायची परवानगी काढली. सोफ्याचा डावा हात अजून अधूनमधून ओरबाडला जातो. सौ.ने त्यावर जुन्या साडीचा अभ्रा घातला आहे. “तेवढं व्याज समजायचं,” म्हणते.