गावाला सगळं आधी कळतं

गावात काही लपत नाही. कुणाचा मुलगा कंपनीतून सुटल्यावर घरी न येता हायवेच्या ढाब्यावर बसतो, कोणाची सून महिनाभर पाणवठ्यावर फिरकलेली नाही, कोणत्या घरातून रात्री भांडणाचा आवाज येतो, हे डॉक्टरच्या आधी, पोलिसांच्या आधी आणि पुष्कळदा घरच्यांच्याही आधी गावाला ठाऊक असतं. मनाच्या आजारांसाठी खेड्यात सोयी नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण गावाला असलेली ही खबर कुठल्याही मोठ्या दवाखान्याला नसते. आज ती पारावरच्या कुजबुजीत वाया जाते. तिचा उपयोग माणूस सावरायला व्हावा, एवढंच मला सांगायचं आहे.

हे पुणे जिल्ह्यातल्या मावळाबद्दल सांगावंसं वाटतं, कारण इतक्या थोड्या काळात इतकं बदललेले तालुके कमी आहेत. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. तळेगावला एमआयडीसी वाढली, पवना धरणाच्या काठाला बंगले उठले, लोणावळ्यात शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा उरेना. जमिनी विकल्या गेल्या. पैसा आला, दारात गाडी आली, काही वर्षांत पैसा सरला आणि भावाभावांत कोर्टाच्या तारखा तेवढ्या उरल्या. आजोबांनी ज्या वावरात इंद्रायणी भात काढला, त्याच जागेवरच्या बंगल्याची राखण नातू करतो. दुसरा नातू कंत्राटावर पाळ्या करतो. रात्रपाळी करून सकाळी आठला कंपनीच्या बसमधून उतरतो, दुपारभर झोपतो आणि संध्याकाळी मोबाइल घेऊन पुन्हा एकटाच बसतो. जमीन नाही, नोकरी कायम नाही, म्हणून लग्न जुळत नाही. मग दारू येते, मोबाइलवरचा जुगार येतो, हातउसने पैसे वाढत जातात. पोरगं वाया गेलं, असं घरचे म्हणतात. त्याला उपचार हवेत, असं कुणी म्हणत नाही.

हे एका तालुक्याचं दुखणं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की, दारूच्या व्यसनाने आजारी असलेल्या शंभरातल्या सुमारे ८६ जणांना उपचारच मिळत नाहीत. पुरेसे मनोविकारतज्ज्ञ गावोगाव कधी पोहोचतील, याची वाट पाहत बसलो तर एक पिढी हातची जाईल.

वाट न पाहता काय करता येतं, हे अमरावती जिल्ह्याने दाखवलं आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, उदासीनता हा आजार आहे आणि तो बरा होतो हे आपल्या बोलीत सांगितलं, घरी जाऊन ऐकून घेतलं आणि ज्यांना गरज होती त्यांना डॉक्टरपर्यंत पोहोचवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेलं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावची गोष्ट आणखी साधी आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. जे एकेका आईला आपल्या घरात जमत नव्हतं, ते सगळ्या गावाने एकाच वेळी केल्यावर जमलं. शेजारच्या घरातला टीव्ही बंद असला की आपल्या पोराचा हट्ट निम्मा कमी होतो.

इथे एक धोका ओळखायला हवा. गाव एकत्र येतं तेव्हा ते सावरतं, तसं चिरडूही शकतं. सुधारणेच्या नावाखाली मुलींच्या मोबाइलवर पहारा बसवणं, पिणाऱ्याला चारचौघांत मारणं, एखाद्या घराचं दुःख स्पीकरवर सांगणं, हे सगळं आपल्याकडे झालेलं आहे. शरमेने माणूस लपतो, बरा होत नाही. नुसत्या बंदीनेही भागत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी २०१६ मध्ये तिथे ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू करावं लागलं. त्यात गावाची संघटना दारूविक्री थांबवते आणि त्याच वेळी व्यसनी माणसासाठी गावात शिबिर आणि तालुक्याला क्लिनिक असतं. विकणाऱ्याला अडवायचं आणि पिणाऱ्याला आधार द्यायचा, असा हा दुहेरी मार्ग आहे. मला तोच योग्य वाटतो.

मावळाकडे यासाठी लागणारी माणसं आहेत. आशाताई आहेत, बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, तालमी आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली कैवल्यधाम ही योगसंस्था लोणावळ्यातच आहे. हे सगळे आपापल्या जागी काम करतात, एकत्र बसत नाहीत. भातलावणीला सावडीने एकमेकांच्या वावरात उतरणाऱ्या लोकांना एकमेकांच्या घरातल्या दुखण्यात उतरणं जड जाऊ नये. प्रत्येक वाडीत दोन-तीन विश्वासू माणसं नेमावीत. ऐकलेलं पोटात ठेवणं ही त्यांची पहिली अट असावी. हरिनाम सप्ताहात एक संध्याकाळ व्यसन आणि उदासीनतेवर बोलण्यासाठी राखावी. ‘टेलिमानस’ या मनःस्वास्थ्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. घरातलं दुखणं आधी बायकांना कळतं, म्हणून हा विषय आधी तिथेच मांडला जावा. मावळातल्या सरपंचांना आणि सदस्यांना माझी विनंती आहे : येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, पाणी आणि गटार यांच्याबरोबर गावातल्या तरुणांच्या मनःस्वास्थ्याचा विषय घ्या, ठराव करा आणि पुढच्या सभेत त्याचा हिशेबही द्या.