संमतीचा प्रश्न : नॉझिक आणि आंबेडकर

व्यक्तीचे हक्क कोठे संपतात आणि राज्यसंस्थेचा अधिकार कोठे सुरू होतो, या वादाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांत धारदार रूप दिले ते रॉबर्ट नॉझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये मांडलेल्या न्यायकल्पनेला ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ (१९७४) या ग्रंथात त्याने उत्तर दिले. व्यक्ती हे साध्य आहे; तिला दुसऱ्याच्या हिताचे साधन करता येत नाही. म्हणून बळजबरी, चोरी आणि फसवणूक यांपासून संरक्षण व करारांची अंमलबजावणी, एवढेच राज्याचे न्याय्य कार्य होय. श्रमाच्या मिळकतीवरील कर त्याला सक्तीच्या श्रमाच्या पंक्तीतला वाटतो. मालमत्ता न्याय्य मार्गाने मिळाली व हस्तांतरित झाली असेल, तर तिच्या विषम वाटणीत अन्याय नाही.

या ग्रंथाच्या सत्तावीस वर्षे आधी, १९४७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. राजकीय लोकशाहीचे त्यांचे पहिले गृहीतकही हेच, की व्यक्ती हे स्वयमेव साध्य आहे. निष्कर्ष मात्र नेमका उलटा: मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी.

एकाच उगमापासून निघालेले हे दोन प्रवाह ‘संमती’पाशी दुभंगतात. उपासमार आणि नावडते काम यांतून एकाची निवड करावी लागली, तरी इतरांनी आपापल्या हक्कांच्या मर्यादेत राहून वर्तन केले असेल, तर ती निवड स्वेच्छेचीच, असे नॉझिक मानतो. आंबेडकर मात्र विचारतात, की पोटासाठी भाषणाचा वा संघटनेचा हक्क सोडणाऱ्या बेकाराचे स्वातंत्र्य कितीसे उरते? राज्य बाजूला सरले म्हणजे सत्ता नाहीशी होत नाही. ती जमीनदाराच्या आणि मालकाच्या हाती जाते.

नॉझिकच्या युक्तिवादाचा कस त्याच्याच एका तत्त्वावर लागतो. मालमत्तेचा न्याय तिच्या इतिहासावरून ठरत असेल, तर गतकालीन अन्यायाचे परिमार्जनही आवश्यक ठरते. ते अन्याय फार मोठे असतील, तर काही काळ अधिक व्यापक राज्य लागेल, हे त्याने मान्य केले आहे. महार वतनाकडे या दृष्टीने पाहावे. अल्प मोबदल्यात गावाची आणि सरकारची सेवा, तीही जन्माने लादलेली. तेथे करार कधी झालाच नव्हता. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच बंधनाविरुद्ध. अशा समाजात ऐतिहासिक न्यायाचे तत्त्व प्रामाणिकपणे लावले, तर ते विद्यमान मालमत्तेचे कवच राहत नाही, तिची उलटतपासणी करू लागते.

तरीही नॉझिकची शंका निकालात निघत नाही. एका मालकापुढे ज्याची संमती पोकळ ठरते, तो राज्य हाच एकमेव मालक झाल्यावर कोणाकडे दाद मागणार? आंबेडकरांनाही सत्तेचे भय होतेच. म्हणून आपली योजना त्यांनी बदलत्या बहुमताच्या हाती न सोपवता संविधानातच कोरावयास सुचविली. १९५० च्या संविधानात ती आली नाही.

राज्य लहान असावे की मोठे, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. ‘नाही’ म्हणण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी नाही, त्याच्या ‘हो’ला नैतिक मूल्य किती, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही पक्षांना द्यावेच लागते.